चौथा नियम

सोमवार, बारा तारीख, सकाळी दहा. प्रयोगशाळेत हजर : मी आणि पीएच.डी. करणारी पल्लवी. गैरहजर : मीराताई. त्यांच्या नावापुढे हा शब्द मी पहिल्यांदा लिहिला. आदल्या संध्याकाळी आंजीहून त्यांच्या मुलाचा फोन आला होता. “मॅडम, आई गेली. दुपारी जेवली, जरा पडते म्हने, अन्...” पल्लवीने विचारलं, आज काय करायचं? माझ्याकडे, कधी नव्हे ते, यादी नव्हती.

आता महिना झाला. मीराताई आमच्या तंत्रज्ञ. नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेल्या पेशींची बोटाएवढी कुपी, आमच्या भाषेत व्हायल, वितळवणं हे त्यांचं खास काम. कोमट पाण्यात ती हलवत त्या आत पाहत राहायच्या. तांदळाच्या दाण्याएवढा बर्फ उरला की बाहेर. मागच्या वर्षी हेच काम आपोआप करणारं यंत्र आलं. मला वाटलं, ताई रुसतील. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. “बरं झालं. आता माही मान तरी दुखनार नाई.”

पल्लवीकडे समुद्रपूरच्या, सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या एका बाईंच्या पेशींच्या पाच व्हायल होत्या. त्या बाई हयात नव्हत्या, म्हणजे पुन्हा नमुना मिळणार नव्हता आणि पल्लवीचा सगळा प्रबंध त्या पाचांवर उभा होता. पहिल्या तिन्ही यंत्रात वितळवल्या. तिन्हींतल्या पेशी मेल्या. मी कंपनीला तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं, मुद्दे पाडून. “थांबा, मी एक डाव पाह्यते,” ताई म्हणाल्या. दुसऱ्याच पेशींची एक साधी व्हायल त्यांनी आम्हाला वितळवायला लावली आणि हाताची घडी घालून बाजूला उभ्या राहिल्या.

“मॅडम, मशीन बरोबर हाय. तुमचा चौथा नियम पेशी मारून राह्यला.”

भिंतीवरच्या माझ्या यादीतला चौथा नियम : वितळवण्याआधी व्हायलवरचं नाव दोनदा वाचा, सहकाऱ्याला दाखवा. नावावर हिम साचलेलं असायचं, म्हणून आम्ही व्हायल मुठीत धरून पुसायचो. पाण्यात वितळवताना ते खपून गेलं, कारण ताईंची नजर आतल्या बर्फावर असायची. यंत्र मात्र व्हायल थेट टाकीतून, पूर्ण गोठलेली आली असं धरून ऊब देतं. आमच्या मुठीत निम्मी वितळलेली व्हायल ते आणखी तापवत होतं.

“हे तुम्हाला आधी कळलं होतं?”

“दुसरीच्या वेळीच डाऊट आलता. पन तुमची यादी... खोडनार कोन? चूक माहीबी हाय.”

त्याच दुपारी ताईंनी उरलेल्या दोन्ही व्हायलच्या टोपणांवर क्रमांक घातले, म्हणजे नाव पुसून वाचायला नको. चौथी व्हायल टोपणाला धरून टाकीतून सरळ यंत्रात गेली. पेशी जगल्या. पल्लवी सूक्ष्मदर्शकावरून उठेचना. “झालं न? आता नाक पूस,” ताई तिला म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “पाचवी तुमी टाकजा. नुसत्या याद्या काय करता!”

मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यातही तेच म्हटलं. नियम मी सगळ्यांसाठी लिहिले. व्हायल माझ्या हाताने एकदाही वितळवली नव्हती. नवी यादी लागली, चौथा नियम गेला. पाचवी अजून टाकीत आहे आणि तिच्याशिवाय पल्लवीचं शेवटचं प्रकरण पूर्ण होत नाही. काल तिने पुन्हा विचारलं, “मी टाकू का, मॅडम?” नको म्हटलं. शुक्रवार, सकाळी अकरा, असं लिहून ठेवलंय. हे चौथ्यांदा.