चिठ्ठीवरचा आकडा

निवृत्तीला सहा वर्षं होऊन गेली होती, तरी गल्लीतले, दुकानातले आणि नाणीवाले, सगळे त्यांना कंडक्टरच म्हणत. बायकोसुद्धा चिडली की म्हणे, "कंडक्टर, जरा पुढे सरका, मला झाडू मारायचाय." तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडून त्यांचा उजवा अंगठा चपटा झाला होता. हातात आलेलं नाणं कितीचं आहे, नवं आहे की झिजलेलं, हे त्या अंगठ्याला न बघता कळायचं.

नाण्यांचा नाद लागला तो बसच्या चामडी पिशवीतूनच. सुट्ट्या पैशांत एखादं जुन्या वर्षाचं किंवा चुकीच्या छापाचं नाणं दिसलं की आधी कंडक्टर स्वतःच्या खिशातलं तेवढ्याच किमतीचं नाणं पिशवीत टाकायचे आणि मगच हे उचलायचे. खिशात सुटे नसतील तर नाणं डेपोच्या काउंटरवर जमा व्हायचं. असंच एक अस्सल नाणं हातचं गेलं, तेव्हा दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पण रीत मोडली नाही.

दर रविवारी सकाळी शहरातले दहा-बारा नाणीवाले एका स्टेशनरीच्या दुकानाच्या माडीवर जमत. दुकानाचा मालक हाच त्यांचा सचिव. वह्या-पेन्सिली विकता विकता माणूस असा काटकसरी झाला होता, की सभेची नोटीससुद्धा जुन्या बिलाच्या पाठीवर लिहायचा. या मंडळींचा एक नियम मात्र पक्का होता. प्रत्येक नाण्याच्या कागदी पाकिटात एक चिठ्ठी हवीच: नाणं कुठे सापडलं, कुणाकडून कुणाकडे गेलं, कधी आणि कितीला. शाईचा डाग धातूला लागतो म्हणून चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची. चिठ्ठी नसलेल्या नाण्याकडे ही माणसं संशयाने बघत, आणि बाजारात त्याला निम्मी किंमतही येत नसे.

दोन वर्षांपूर्वी बायकोच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन निघालं, तेव्हा कंडक्टरांनी आपलं सगळ्यात लाडकं नाणं काढलं. पाचाचं होतं. टांकसाळीत शिक्का सरकून त्यावरचं अर्धं चित्र कडेबाहेर गेलेलं. मंडळातल्या दातांच्या डॉक्टरांनी ते एक लाख ऐंशी हजारांना घेतलं. नोटा पाकिटात घालून दिल्या, पावती नाही. चिठ्ठीवर मात्र कंडक्टरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात आकडा लिहिला, त्याशिवाय त्यांचा हात थांबलाच नसता.

त्या वर्षीच्या कराच्या विवरणात हा नफा दाखवायचा का, असं त्यांनी सचिवाला विचारलं होतं.

"हौसेला कसला आलाय कर?" सचिव म्हणाला होता. "आपण काय दुकान थाटलंय? इतकी वर्षं इथे नाणी विकली जातायत, एकानं तरी दाखवलं का? तू आता नवा पायंडा पाडणार?"

कंडक्टरांनी विषय सोडला. तसा तो पूर्ण सुटला नव्हता. बुटातल्या खड्यासारखा अधूनमधून टोचायचा.

मग डॉक्टर अचानक गेले. महिन्याभराने त्यांच्या पत्नीने कंडक्टरांना बोलावलं. दवाखान्यातली खुर्ची कापडाखाली झाकलेली होती आणि आतल्या खोलीत सागवानी कपाटाचे बारा खण उघडे होते.

"भाऊ, मला यातलं ओ का ठो कळत नाही," त्या म्हणाल्या. "एक्स-रेच्या नव्या मशीनचं कर्ज डोक्यावर आहे. लिलाववाले म्हणतात, चिठ्ठ्यांसकट दिलं तर कर्ज फिटून वर थोडं उरेल. वकिलांनी यादी करायला सांगितलीय. ती चिठ्ठ्यांसकट कर कार्यालयातही द्यावी लागेल. तुमचं अक्षर चांगलं आहे. तेवढं कराल?"

"करतो की वहिनी," कंडक्टर म्हणाले, आणि पहिल्या खणातल्या चिठ्ठ्या वाचू लागले. मंडळातल्या केमिस्टने विकलेली सात नाणी. सचिवाची तर चौदा, आकडे ठळक. आणि चौथ्या खणात त्यांचं स्वतःचं पाचाचं. सगळ्या मंडळाचा न दाखवलेला नफा त्या कपाटात पाकिटापाकिटाने लावून ठेवलेला होता, तोही ज्याच्या त्याच्या हस्ताक्षरात.

बातमी माडीवर पोचायला वेळ लागला नाही. रविवारी कंडक्टर जिना चढतात तोच सचिवाने त्यांना गाठलं.

"अरे, देवासारखा धावलास! तूच यादी करतोयस म्हणजे घरचंच काम." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पेन्सिलच आहे ना? आकडा तेवढा पुसून टाक. नाव राहू दे, तारीख राहू दे."

"आणि किंमत कमी झाली तर? वहिनींचं काय?"

"थोडं कमी येईल. डॉक्टरीणबाई उपाशी नाही राहणार."

"त्यांच्या डोक्यावर कर्ज आहे."

"आणि माझ्या डोक्यावर काय फुलं आहेत? चौदा नाणी आहेत माझी! व्याज, दंड... दुकान विकू?"

केमिस्ट खिडकीशी उभा होता. हात जोडल्यासारखे करून त्याने ते पुन्हा खिशात घातले. आणि सचिवाने जन्मात केली नव्हती अशी गोष्ट केली. खाली दुकानात जाऊन उत्तम प्रतीचा, वेष्टनातला खोडरबर आणला आणि पैसे न घेता कंडक्टरांच्या हातात ठेवला.

घरी आल्यावर कंडक्टरांनी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. बायको भाजी निवडत होती.

"हे काय आता? शाळेत नाव घातलंत?"

त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. ऑपरेशन झाल्यापासून भाजीतली बारीकशी अळीसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे.

"म्हणजे माझ्या डोळ्यांवरचा कर राहिलाय," ती म्हणाली.

"तसं नाही गं."

"तसंच आहे. मला एक सांगा, पिशवीत आपलं टाकल्याशिवाय कधी नाणं उचललंत?"

"कधीच नाही."

"मग या एकाच नाण्याला का सवलत?"

"माझं एकट्याचं असतं तर कधीच भरलं असतं," कंडक्टर म्हणाले. "पण मी आकडे ठेवले तर सगळे अडकतात. पंचवीस वर्षांची ओळख आहे. रविवारी जाऊ कुठे मी? इथे बसून तुझी भाजी निवडू?"

"निवडा की. निदान अळ्या तरी दिसतील." मग ती उठली, कपाटातून एक डबा काढून त्यांच्यासमोर ठेवला. "कपडे धुण्याच्या मशीनसाठी साठवलेत. पुढच्या वर्षी घेऊ मशीन. तुमचं तुम्ही भरा. बाकीच्यांना वेळेवर सांगा, म्हणजे झालं. त्यांचं ते बघतील."

सोमवारी कंडक्टर कर कार्यालयात गेले. सहा नंबरच्या टेबलावर एक मध्यमवयीन बाई होत्या, समोर फायलींची चळत. त्यांनी फॉर्म ओढला.

"विक्री?"

"एक लाख ऐंशी हजार."

"खरेदी किंमत?"

"पाच."

"पाच हजार." त्या लिहू लागल्या.

"नाही हो. पाच."

बाईंनी चष्मा काढला. "पुरावा?"

कंडक्टरांनी पिशवीतून एक जुनी वही काढली आणि खूण केलेलं पान उघडलं. चोवीस वर्षांपूर्वीची तारीख, बसचा नंबर, 'भाजीवालीकडून तिकिटाचे आले. स्वतःचे पाच पिशवीत टाकले.' बाईंनी ते दोनदा वाचलं आणि शेजारच्या टेबलावर नेऊन दाखवलं. दोघी हसल्या, पण हसण्यात टर उडवणं नव्हतं.

"काका, अशी वही मी बावीस वर्षांत पाहिली नाही," परत येऊन त्या म्हणाल्या. "पाच वजा करते."

"ऑपरेशनचा खर्च वजा होतो का?"

"तो नाही होत."

"असू दे. विचारून ठेवलं." ते जरा घुटमळले. "बाई, आणखी एक. कुणी स्वतःहून आलं तर दंड लागतो?"

"आमची नोटीस जायच्या आधी आलं तर व्याजावर भागतं. नोटीस गेली की मग माझ्या हातात काही नाही. का? आणखी कुणी आहे?"

"ते मी कसं सांगू? ज्याचं तो सांगेल," कंडक्टर म्हणाले.

डब्यातले जवळजवळ सगळे पैसे गेले. पावतीची घडी त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि दर दहा पावलांनी चाचपून पाहिली.

पुढच्या रविवारी माडीवर त्यांनी उभ्यानेच सांगितलं. "यादी झाली. चिठ्ठ्या जशा आहेत तशा आहेत, एकही अक्षर पुसलेलं नाही. वहिनी पंधरा दिवसांनी यादी देणार. मी माझं भरून आलोय. आधी गेलात तर दंड नाही, कर आणि व्याजच, असं तिथल्या बाईंनी सांगितलंय. माझ्यावर राग धरायचा तर धरा."

एकाने आपला ट्रे उचलून दुसऱ्या टेबलावर नेला. केमिस्ट चपला शोधू लागला. कंडक्टरांनी खिशातून खोडरबर काढला, सचिवासमोर ठेवला आणि ते जिना उतरले. सगळ्या पायऱ्या उतरेपर्यंत मागून हाक आली नाही.

दुकानासमोरच्या बस थांब्यावर ते उभे राहिले. पहिली बस आली आणि गेली. रविवारी अकरा वाजता घरी जायची त्यांना सवयच नव्हती. दुसरी बस वळणावर दिसली, तेव्हा शेजारी कुणीतरी धापा टाकत येऊन उभं राहिलं. सचिव होता. त्याच्या हातात खोडरबर होता. तो उलटसुलट करून त्याने वेष्टन तपासलं.

"उघडलाही नाहीस," तो म्हणाला. "बरं झालं. विकता येईल."

कंडक्टर रस्त्याकडे बघत राहिले.

"तुझं ठीक आहे रे, तुझ्याकडे वही आहे," सचिव कुरकुरला. "माझ्या चौदांपैकी नऊ चिठ्ठीचा नियम होण्याआधी घेतलेली, त्यांची खरेदी कितीची होती तेच मला आठवत नाही. ती बाई ऐकून घेईल का?"

"घेईल. पण आधी आठवून लिहून काढ. नऊतली पाच तू माझ्याकडून घेतली होतीस, मला पडली त्याच किमतीला. माझ्या वहीत आहेत."

सचिवाने खोडरबर खिशात टाकला. बस थांब्याला लागली. आतल्या कंडक्टरने ओरडून विचारलं, "चढताय का कुणी?"

"उद्या किती वाजता उघडतं ते ऑफिस?" सचिवाने विचारलं.

"दहाला. सहा नंबरचं टेबल," कंडक्टर म्हणाले, आणि बसला पुढे जायची खूण करून ते सचिवाबरोबर पुन्हा जिन्याकडे वळले.