ब्रिस्टलमध्ये मार्शियाचा सत्कार

शनिवारी सकाळी स्लाऊच्या प्लॅटफॉर्मवर उभा होतो, तेव्हा माझ्या पिशवीत एक शाल, एक नारळ आणि माझ्याच गच्छंतीचं पत्र होतं. पत्र आमच्या स्लाऊच्या मराठी मंडळाच्या लेटरहेडवर. गणेशोत्सवातला शेवटचा तास गेली अठरा वर्षं मी नाट्यगीतं गाऊन भरून काढतो. तो यंदा मार्शियाला द्यायचा, असं कमिटीनं एकमतानं ठरवलं होतं. एकमतानं म्हणजे माझ्यासकट. हात वर करताना खांदा जरा दुखला, एवढंच.

मार्शिया सोका गाते (त्रिनिदादचं संगीत, गाणारा नाचतो आणि ऐकणाराही). वेअरहाऊसमध्ये आम्ही चौदा वर्षं एकाच पॅकिंगच्या टेबलावर होतो, म्हणून आमंत्रण द्यायला मी. अध्यक्ष वैद्यबाई हॉस्पिटलात डॉक्टर आहेत. पेशंटला रिपोर्ट सांगतात त्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "शिरीष, तुमच्याशिवाय हे कोण करणार? पत्र द्या, शाल-श्रीफळ द्या, फोटो काढा."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर काय, तुम्ही आहातच."

त्या 'आहातच'वर मी आठवडाभर जगत होतो.

रीडिंगला गाडी बदलली. स्विंडन मागे पडल्यावर टेकड्या आणि मेंढ्या, मग बाथची मधाच्या रंगाची दगडी घरं, एकमेकांच्या खांद्यावरून डोकावणारी. शेजारी माझी बायको नीलिमा कानात मार्शियाचं गाणं घालून पाय हलवत होती. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, माझ्या गाण्यावर तिचा पाय एकदाच हलला. तेव्हा मुंग्या आल्या होत्या.

खरं सांगायचं तर मार्शियाचं गाणं चालायचं काही कारण नव्हतं. आठवडाभर खोकी, शनिवारी चर्चचा हॉल नाहीतर कुणाची पन्नाशी. उन्हाळ्यात कार्निव्हलच्या ट्रकवर पहिला नंबर, म्हणजे लोक अजून गाडीला जागा शोधत असतात तेव्हा. दर फेब्रुवारीत बिनपगारी रजा काढून ती त्रिनिदादच्या कार्निव्हलला गायला जायची आणि घसा बसवून परत यायची. "यंदा स्टेजपर्यंत पोचले," सांगायची, "म्हणजे पायऱ्यांपर्यंत." इथल्या प्रत्येक कार्यक्रमाला ती मला बोलवायची आणि प्रत्येक वेळी माझं काहीतरी काम निघायचं. मग पन्नाशी उलटल्यावर तिनं शिफ्ट संपवून बुटांच्या नाड्या सोडणाऱ्या बाईवर एक गाणं केलं. ते कॉव्हेंट्रीपासून स्लाऊपर्यंत गाड्यागाड्यांतून ऐकू यायला लागलं. तिनं नोकरी सोडली. मी अजून त्याच टेबलावर खोक्यांना टेप लावतो.

ब्रिस्टलला त्या दिवशी मार्शियाचा कार्यक्रम होता, ते मैदान स्टेशनपासून चालत अर्ध्या तासावर. भूक लागली होती. एका स्टॉलवर डबल्स मिळत होते (दोन मऊ पुऱ्यांमध्ये हरभऱ्याची उसळ). स्टॉलवरच्या बाईनं विचारलं, "मिरचीचा सॉस किती? थोडाच घालते हं, डार्लिंग."

"भरपूर घाला. मी कोल्हापूरचा."

तिला कोल्हापूर माहीत नव्हतं आणि मला ती मिरची. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून धारा लागल्या. "अख्खं मैदान बघतंय तुझ्याकडे," नीलिमा म्हणाली. स्टॉलवाल्या बाईनं मला कागदी रुमाल दिला. "मार्शियाला बघायला आलास ना? होतं असं."

आता कबुली. आपल्याकडे गाणं रंगात आलं की ते थांबवून कुणाचा तरी सत्कार करायची पद्धत आहे. दर वर्षी माझं दुसरं पद सुरू झालं की कमिटीला देणगीदार आठवतात. मी 'आ' लावलेला तसाच धरून शाली बघत उभा. हे मार्शियाचंही एकदा व्हावं, पाच मिनिटं का होईना, असं मला मनापासून वाटलं. स्टेजच्या पायरीवरच्या माणसाला मी नारळ दाखवला आणि गंभीरपणे म्हणालो, "मंडळाकडून." तो बाजूला झाला.

गाणं ऐन भरात होतं. मी तिच्या खांद्यावर शाल घातली आणि ती थांबायची वाट बघत राहिलो. बँड थांबला नाही. मार्शियानं शाल ओढून काढली, डोक्यावर गरागरा फिरवली आणि समोर सगळ्या मैदानात रुमाल फिरायला लागले. सोकात दाद अशीच देतात, हे मला नंतर कळलं. तिच्या गाण्यातला सगळ्यात रंगलेला भाग म्हणजे मी केलेला व्यत्यय. फोटोत माझा नारळ आणि तिचं कोपर आलंय.

नंतर स्टेजमागे ती एका खोक्यावर पाय ठेवून बसली होती. "आलास एकदाचा!" म्हणाली. चष्मा लावून तिनं पत्र नीट वाचलं.

"हा तास आत्तापर्यंत कुणाचा होता?"

"का गं?"

"एका वर्षी माझा पहिला नंबरसुद्धा काढून दुसऱ्या मुलीला दिला होता. कुणी सांगितलं नाही मला. मी ट्रकवर चढले तर ती गात होती. कुणाचा असेल तर मी येणार नाही, शिरीष."

'माझा' एवढंच म्हणायचं होतं. खरंही होतं. तिच्या घोट्यांना सूज होती. तशाच पायांनी ती चौदा वर्षं माझ्या शेजारी उभी राहिली, आणि ते पाय कुठे कुठे जाऊन येतात हे बघायला मी एकदाही गेलो नव्हतो.

"कुणाचाच नाही," मी म्हणालो. "तेव्हा आमच्याकडे खुर्च्या आवरतात."

ती मोठ्यांदा हसली. "मग येते. खुर्च्या आवरलेल्या मला चालतात."

परतताना रीडिंगला वैद्यबाईंचा फोन आला. "काय म्हणाली?" अजूनही 'नाही' म्हणता आलं असतं. "येते म्हणाली," मी सांगितलं आणि फोन नीलिमाकडे दिला.

हेवा गेला का म्हणाल, तर अजिबात नाही. उलट आधी तो ऐकीव होता, आता डोळ्यांनी बघून पक्का झाला. शेवटच्या गाडीत नीलिमा तेच गाणं गुणगुणत होती, आणि अंतऱ्यात एक जागा चुकत होती. ट्वायफर्ड गेलं, मेडनहेड गेलं. मला राहवेना.

"तिथे खाली नाही उतरायचं, वर जायचं," मी म्हणालो, आणि गाऊन दाखवलं.