कणगीमागची वही

नोकरीत खून-दरोड्यांचे तपास पुष्कळ केले, पण एका म्हातारीच्या सहीचं प्रकरण अजून मनातून जात नाही.

फाळणीनंतरची वर्षं. निर्वासितांच्या छावणीतली भांडणं निस्तरून आमचं ठाणं थकलं होतं. त्यात बदलापूरजवळच्या गावातला एक शेतकरी फिर्याद घेऊन आला. त्याची निपुत्रिक विधवा काकू वारली होती आणि तिने माहेरून आंदण मिळालेलं भाताचं शेत मिशनच्या दवाखान्याला दिल्याचं मृत्युपत्र निघालं होतं. खाली तिची सही होती आणि दोन्ही साक्षीदार दवाखान्यातले होते.

"साहेब, काकू जन्मभर अंगठा उठवत आली. सही कुठनं आली? दवाखान्याच्या सिस्टरनंच कागद बनवलाय."

फिर्यादीत दम होता. दवाखाना चालवणाऱ्या वसईकडच्या सिस्टरचा मी दोन तास जबाब घेतला.

"सही तिचीच आहे."

"लिहायला कुणी शिकवलं?"

त्या गप्प. गप्प बसणारा काहीतरी लपवतो, हा आमचा पोलिसी समज. अटकेची तयारी ठेवायला मी जमादाराला सांगितलं.

दोन दिवसांनी म्हातारीच्या घरी लाकडाच्या मोळ्या टाकणारी, डोंगरातल्या वाडीवरची एक ठाकरीण ठाण्याच्या पायरीशी येऊन बसली. "सायेब, म्हातारी लिवत व्हती. म्या बघितलंय. कणगीमागं हात घाला."

पंच घेऊन म्हातारीच्या घराची झडती घेतली. भाताच्या कणगीमागे फडक्यात गुंडाळलेली वही निघाली. पानोपानी तिचंच नाव, आधी वेडंवाकडं, मग सरळ. मृत्युपत्रावरच्या सहीशी ते तंतोतंत जुळलं.

वही पाहून सिस्टर बोलल्या. "तिचं दुसरं शेत दिराने कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन लाटलं. म्हणून साठीत माझ्याकडे अक्षर शिकली. घरात कळलं तर वही चुलीत जाईल म्हणायची. कुणाला न सांगण्याचा मी शब्द दिला होता."

तो दीर म्हणजे फिर्यादीचा बाप. मी वही फिर्यादीपुढे ठेवली. बराच वेळ तो पानं उलटत राहिला.

"बापानं केलं ते मला ठाऊक होतं, साहेब. पण वीस वर्षं या शेतात नांगर मीच धरला ना?"

सिस्टरनी शेत त्यालाच खंडाने कसायला देऊ केलं. त्याने नाकारलं आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात हमालीला लागला. त्या वर्षी शेत पडीक राहिलं.

कागद खरा की खोटा एवढंच मला ठरवायचं होतं. ते ठरलं, पण वीस वर्षं तिचं शेत कसूनही काकू लिहायला शिकल्याचं पुतण्याला ठाऊक नव्हतं, हे मनातून जाईना. एका निरपराध बाईला मी कोठडीत घालणार होतो. पुढे वारसाच्या तंट्यात मी कागद मागण्याआधी एक विचारू लागलो, "मेलेल्या माणसाशी तुम्ही शेवटचं नीट कधी बोललात?"

बहुतेक जण उत्तराऐवजी कागदच पुढे करत.