काकांचं अडलेलं गाणं

अमेरिकेत शिकायला म्हणून पिस्कॅटवेला राहायला आले तेव्हा पहिला महिनाभर मला वाटायचं, खालच्या मजल्यावर दोघं राहतात. रोज संध्याकाळी एक जण गिटारवर एक ओळ म्हणायचा आणि दुसरा बारीक आवाजात उत्तर द्यायचा. मग इमारतीच्या लॉन्ड्रीत भेट झाली. सत्तरीचे आफ्रिकन गृहस्थ, एकटेच.

लष्करी राजवटीविरुद्ध गाणी केली म्हणून तरुणपणीच त्यांना देश सोडावा लागला होता. त्यांच्याकडची रीत अशी की गायकाने एक ओळ म्हणायची, लोकांनी उत्तर द्यायचं, मगच पुढची ओळ. उत्तर देणारे तिकडेच राहिले, म्हणून इकडे ते दोन्ही बाजू सांभाळत होते.

वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारणं मला जमेना. मी "काका" म्हणू लागले. अर्थ सांगितल्यावर ते म्हणाले, "आमचे पोलीससुद्धा माझं नाव घ्यायला घाबरायचे. त्यांना हे सुचलं नाही."

माझ्या गप्प राहण्यावरही त्यांचं लक्ष होतं. "मला सरकारने गप्प बसायला सांगितलं होतं. तुला कोणी सांगितलंय?"

मी हसले. शाळेत मराठी बोललं की बाई रागवायच्या, घरी इंग्रजी बोललं की आत्या हसायची. गप्प राहणं सोयीचं होतं. पण हे सांगायलाही बोलावं लागलं असतं.

मग गावच्या लायब्ररीने त्यांना गायला बोलावलं. "या वेळी उत्तर मी देणार नाही," ते म्हणाले. "लोकांनी दिलं तर गाणं पुढे जाईल. नाही तर मी घरी." जिन्यात बसून त्यांनी मला उत्तराची ओळ शिकवली. ती मी देवनागरीत लिहून घेतली. अर्थ एवढाच, 'आम्ही इथेच आहोत.'

समोशांचं आमिष दाखवून मी डिपार्टमेंटमधली पाच-सहा मराठी मुलं कार्यक्रमाला नेली. काका पहिली ओळ गाऊन थांबले. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. त्यांनी रीत समजावली, ओळ शिकवली, पुन्हा गायले. या खेपेला आमच्या मंडळींनी ताल पकडला आणि आरतीसारख्या टाळ्या सुरू केल्या, हळूहळू जलद. एकाने तर डोळेही मिटले.

काकांनी गिटारवरचा हात उचलला. टाळ्या विरल्या. ते उत्तराची वाट पाहत होते, आणि मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हते.

मी ओळ म्हटली. तोंडी परीक्षेत निघतो तसा बारीक आवाज निघाला.

काकांनी कानामागे हात धरला. "पोलिसांना अजून ऐकू गेलेलं नाही."

लोक हसले. मी पुन्हा म्हटली, जरा मोठ्याने. मागून आमची मुलंही म्हणाली, चाल सरळ आरतीची. काकांनी ती चालवून घेतली आणि दुसरी ओळ सुरू केली.

हल्ली संध्याकाळी खालून एकच आवाज येतो, मग शांतता. मला वरून उत्तर द्यायला उशीर झाला की ते झाडूच्या दांड्याने छत ठोकतात. बाकीचे लोक वरचा आवाज बंद व्हावा म्हणून ठोकतात.