आईच्या लिलीला पाणी कोणी घातलं

माझी मोठी बहीण आज सकाळी गेली, आणि मला सारखी चिलटं आठवतायत.

फिलोमिना. आम्हा सगळ्यांची बाय.

वय चौऱ्याऐंशी. म्हणजे लोक "भरपूर जगली" म्हणणार. म्हणू देत. मला नाही पुरलं.

पन्नासच्या दशकातलं पाचूबंदर, आमचा कोळीवाडा. नाताळच्या आधी आई तापाने गेली. मी आठ वर्षांचा, बाय चौदाची. तिची शाळा तिथेच फुलस्टॉप.

आईने रॉकेलच्या कापलेल्या डब्यांत पांढरी लिली लावली होती. पाच डबे. दर ईस्टरला ती फुलं चर्चच्या वेदीवर जायची.

बाबा होडीवर निघताना बायला म्हणाले, "औंदा पन तिची फुलं वेदीवर गेली पायजेत. तुझ्यावर सोपवून चाललोय."

बाबा एवढं बोलले म्हणजे खूप झालं.

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला आणि डब्यांतून चिलटं उठायला लागली. काळी, मोहरीपेक्षा बारीक. संध्याकाळी प्रार्थनेला बसलो की नाकातोंडात. "नमो मरिया" म्हणताना एखादं गिळलं जायचंच.

बायने कडुलिंबाचा धूर केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकीच.

मग तिने मासळी घ्यायला येणाऱ्या फुलांची वाडी असलेल्या मावशीला डबे दाखवले. मावशीने बोटाने माती उकरली. आत दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या पांढऱ्या अळ्या.

"चिलटं मारून काय होनार? माती सारखी ओली, म्हणून ती इथे अंडी घालतात. मासळी धुतलेलं पानी घालतेस ना?"

घालत होतोच. आमच्याकडे ते पाणी नारळाला जातं. नारळ त्यावर माजतो. म्हणून लिलीलाही तेच.

"आता पानी बंद. वरची माती काढ, चुलीतली राख पसर. बोटभर आत सुकल्याशिवाय थेंब घालू नको."

बायने तसंच केलं. मला दम भरला, "बाबू, हात लावलास तर याद राख."

आठवड्यात चिलटं कमी झाली. पण पानं मलूल दिसायला लागली.

आई तापात "पानी, पानी" करत होती. तापात पाणी देऊ नये म्हणून मोठ्यांनी तिला दिलं नव्हतं. मी बघत होतो.

मला ती कोरडी माती बघवेना.

शाळेतून आलो की बाय विहिरीवर गेलेली असायची. मी मासळीच्या टोपातलं पाणी पाचही डब्यांत ओतायचो. पोटभर. वरून पुन्हा कोरडी राख पसरायचो, म्हणजे कळायला नको.

ईस्टरच्या आठवडाभर आधी झाडं आडवी झाली. बायने लिलीचे कांदे उपटले तर हातात नुसता चिखल आला. पाचही डबे गेले.

त्याच संध्याकाळी बाबा घरी आले. "पानी कोनी घातलं?"

बायने माझ्याकडे बघितलं. माझा शर्ट पुढून ओला, बोटांना राख.

"मी," ती म्हणाली.

बाबांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. "तुला एक काम सांगितलं होतं," एवढंच म्हणाले. त्या वर्षी वेदीवर दुसऱ्या घरची फुलं लागली.

पुढे कुणी बायचं कौतुक केलं की बाबा म्हणायचे, "सगळं येतं तिला, पन आईची लिली नाय जगवली." तिच्या लग्नातसुद्धा म्हणाले. ती हसली. मी खाली मान घालून जेवत होतो.

बाबा गेल्यावर एकदा धीर करून म्हटलं, "बाय, ती लिली..."

"जेव गुपचूप," म्हणाली. आणि पानात माशाची आणखी एक तुकडी वाढली.

मघाशी तिच्या नातवाने रडता रडता तेच सांगितलं, आजीच्या हातून झाड जगत नसे म्हणून. मला तिथे बसवेना.

घरातल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून इथे लिहितोय. पाणी मी घातलं होतं. चोरून, रोज. बायने एक थेंबही घातला नव्हता.

फार उशीर केला गं. माफ कर.

सुखाने जा, बाय. आई भेटली की तिथे तरी मला पाठीशी घालू नकोस. खरं सांग.