विमान रद्द झाल्याची पोच

विमान कंपनीची तक्रार काढली की लोक आधी तिकीट केवढ्याचं होतं ते विचारतात. मी सांगतो. मग ते हसतात आणि माझी तक्रार तिथंच निकालात निघते. एवढ्या स्वस्तात आणखी काय पाहिजे, म्हणतात. दहाचं विमान दहाला उडायला पाहिजे होतं, एवढंच.

माझी थोरली बहीण मुंबईत असते. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिच्या घशात कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्र काढायचं ठरलं. त्यानंतर तिला बोलता येणार नव्हतं. ऑपरेशन दुपारी चारला होतं. त्याआधी ये, पोटभर बोलू, असं तिनं सांगितलं होतं. माझ्याकडे आदल्या रात्रीच्या गाडीचं पक्कं रिझर्वेशन होतं, ते मीच रद्द केलं. सोलापुरातनं विमान सुरू व्हायची आम्ही इतकी वर्षं वाट बघितली होती, की आता रेल्वेनं जाणं मला कमीपणाचं वाटत होतं. गल्लीत चार जणांना सांगूनही झालं होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आधी तासभर उशीर सांगितला, मग आणखी एक तास. एक वाजता विमान रद्द झाल्याचा मेसेज आला. कंपनीची मुलगी माझ्यापासून दहा पावलांवर उभी होती, पण तिनं तोंडानं काही सांगितलं नाही. रस्त्यानं निघून चारच्या आत पोचणं शक्यच नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी तिला अक्काचं सगळं सांगितलं. ती सॉरी म्हणाली, पैसे परत मिळतील म्हणाली. मागचा एक गृहस्थ मला समजवायला लागला, "बसच्या भाड्यात विमान म्हटल्यावर असं व्हायचंच की. लई मनावर घेऊ नका." मी त्याच्याही अंगावर गेलो.

माझी सगळी नोकरी कारकुनीत गेली. लेखी दिल्याशिवाय आणि त्याची पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही, ही खोड हाडात मुरलेली. मी तिथंच कागद मागून अर्ज लिहायला बसलो. तेवढ्यात फोन वाजला. अक्काचा होता. मी कट केला. आधी यांना सरळ करतो, मग निवांत बोलू, असं मनात म्हणालो. मुलगी म्हणे, शिक्का नाही. मी म्हटलं, मग सही द्या, वेळ घाला. या घोळात पाऊण तास गेला.

पोच खिशात घालून मी फोन लावला. तो दाजींनी उचलला. डॉक्टरांनी लवकर घेतलं, तिला आत्ताच आत नेलं, म्हणाले.

तिकिटाचे पैसे पूर्ण परत आले. पोच अजून फायलीत आहे. ती कुणाला दाखवायची ते मला कळत नाही. कंपनीचा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो.

अक्का आता पाटीवर लिहून बोलते. महिन्याभरानं मी धीर करून तिला विचारलं, त्या दिवशी फोनवर काय सांगायचं होतं.

तिनं लिहिलं, "काही नाही रे. तुला नुसती हाक मारायची होती."