आधी हमाली ठरव

पोत्यावर तळहात ठेवायचा, पोतं जणू पळून जाणार आहे असा दाबून धरायचा, आणि समोरच्याकडे न बघता म्हणायचं, "आधी हमाली ठरव." बोर्ली पंचतनच्या बाजारात ज्यांनी कधी सुपारी विकली असेल त्यांना शेठचा हा तळहात आठवेल. माझा फोटो स्टुडिओ त्यांच्या वखारीसमोर, त्यामुळे हे नाटक मला रोज फुकट, तेही पहिल्या रांगेतून.

धर्मा हमाल टेम्पोच्या फळीला टेकून उभा असायचा.

"शेट, पोतं काय कापसाचं हाय काय?"

"तुझ्या तोंडापेक्षा हलकं आहे."

"मग घ्या तुमच्या पाठीवर."

शेठ खुर्ची ओढून बसायचे आणि अडकित्त्याने सुपारी कातरू लागायचे. ऊन चढायचं, टेम्पोवाला हॉर्न वाजवून दमायचा, शेवटी धर्मा कुरकुरत पोतं उचलायचा. शेठ मला डोळा मारायचे. "अडून बसलेल्या हमालाला वाढवून द्यायचं नाही. भूक लागली की येतो." संध्याकाळी त्याच धर्माला शेठच्या घरून वहिनींच्या हातचा चहा मिळायचा. त्या चहाचे पैसे आपण हमालीतून कापत नाही, याचा शेठना केवढा अभिमान!

असा माणूस बिटकॉइन घेईल असं तुम्हाला वाटलं असतं? पुण्याच्या भाच्याने डोक्यात घातलं आणि नफ्यातला एक वाटा शेठ त्यात टाकू लागले. बिटकॉइनची खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीच्या खात्यात नव्हे, स्वतःच्या मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये. "दुसऱ्याच्या वखारीत माझा माल कशाला?" मग आम्हा अडाण्यांची शिकवणी सुरू झाली.

"दिघीची फेरीबोट बघितलीस ना? तशी बिटकॉइनचीही साधारण दर दहा मिनिटांनी एक बोट सुटते. बोटीत जागा ठरलेली, धक्क्यावर पोती ढीगभर. जो जास्त हमाली, म्हणजे फी, बोलेल त्याचं पोतं आधी चढणार."

"आणि हमाली ठरवतो कोण?"

"आपणच," शेठ गोड खाल्ल्यासारखे म्हणाले. "आत लाख आहेत का कोटी, कोणी विचारत नाही. पोतं जागा किती अडवतं एवढंच बघतात."

जगात असा एक धक्का निघाला होता, जिथे शेठनी आकडा सांगायचा आणि समोर धर्मा नाही. गर्दी नसलेल्या दिवशी ते तळातली हमाली बोलायचे, पोतं चढायचं, आणि रस्ता ओलांडून येऊन ते मला स्क्रीन दाखवायचे.

मग वहिनींच्या हृदयाची झडप बिघडली. पनवेलच्या रुग्णालयाने ऑपरेशनआधी रक्कम भरायला सांगितली. शेठनी मोबाइल काढला. बिटकॉइन विकण्यासाठी ते आधी वॉलेटमधून कंपनीकडे पाठवायचे होते. नेमकी तेव्हाच धक्क्यावर तोबा गर्दी. शेठ सवयीने तळातला आकडा बोलले, आणि पोतं पडून राहिलं.

मी त्यांच्यासोबत होतो. भाच्याचा फोन आला. "मामा, फी वाढवा. तिथंच बटण आहे. पुढच्या बोटीत चढेल."

"किती म्हणतात?"

भाच्याने आकडा सांगितला.

"लूट आहे ही. गर्दी ओसरू दे."

"शेठ, तोवर माझ्याकडचे घ्या," मी म्हटलं.

"स्वतःचा माल धक्क्यावर असताना उधारी? दिवाळं निघालंय का माझं?"

वहिनी खाटेवरून विचारायच्या, "सुटली का हो बोट?"

"सुटेल. दम धर."

दम धरता येईल असं ते दुखणं नव्हतं. एका दुपारी वहिनींचा श्वास अडकला, नर्सने आम्हाला बाहेर काढलं. शेठनी भिंतीला टेकून बटण दाबलं आणि भाच्याने सांगितलेल्या आकड्याच्या चौपट हमाली बोलले. पोतं पुढच्याच बोटीत चढलं. त्याच सुमारास वहिनी गेल्या.

डॉक्टर म्हणाले, झडप फार खराब होती, ऑपरेशन झालं असतं तरी भरवसा नव्हता. शेठनी मान हलवली. त्यांचं लक्ष मोबाइलकडे होतं. संध्याकाळी धक्क्यावरची गर्दी ओसरली. त्यांचा तो तळातला आकडाही आता चालला असता. तेवढं बघून त्यांनी फोन खिशात टाकला.

पुन्हा वखार उघडली तेव्हा धर्माने त्यांना बोलतं करायला मुद्दाम दुप्पट हमाली सांगितली. शेठ म्हणाले, "घे." पुढच्या खेपेला तिप्पट. "घे."

धर्मा माझ्या दुकानात येऊन बसला. "ह्या मानसाकडनं पैसं घ्यायला हात पुढं होत न्हाय." मग तो उलटी घासाघीस करू लागला. "शेट, येवढी होत न्हाय. कमी करा." शेठ नोटा त्याच्या खिशात कोंबायचे आणि आत जायचे. अडकित्ता गल्ल्याशेजारी तसाच पडलेला असायचा.

पुढच्या हंगामात शेठही गेले. सुपारी अंगणात वाळत होती, ती बाजूला सारून तिरडी बांधली. पुढच्या खांद्याला धर्मा उभा राहिला. वाकला, बांबूवर तळहात ठेवला, दाबून धरला आणि तसाच थांबला.

"उचला," भाचा म्हणाला.

"कशी उचलू?" धर्मा म्हणाला. "शेटनी अजून हमाली ठरवली न्हाय."